बांगडीसारखी बेटे

मुलांनो, आपल्या लक्षद्वीपमध्ये बांगडीसारखी बेटे आहेत. मध्ये उथळ, शांत पाणी. भोवती प्रवाळांची भिंत. अशी बेटे कशी तयार होतात, हे चार्ल्स डार्विनने सांगितले.

डार्विनचा जन्म १८०९ साली इंग्लंडमध्ये झाला. वडिलांना त्याला डॉक्टर करायचे होते. पण त्याला शस्त्रक्रिया पाहवत नसे. १८३१ साली तो ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला निघाला. बिचाऱ्याला बोट फार लागे!

१८३६ च्या एप्रिलमध्ये जहाज हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी थांबले. तेथे शिशाच्या वजनाला चरबी लावून ते समुद्रात सोडले. उथळ पाण्यात चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटले; खोल पाण्यात नुसती वाळू चिकटली. म्हणजे भिंत बांधणारे हे इवलेसे जीव उथळ पाण्यातच वाढतात. मग त्यांची भिंत एवढी खोल कशी? डार्विनने ओळखले, की ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो आणि प्रवाळ जुन्या थरांवर नवे थर रचत वर येतात. डोंगर बुडतो, बांगडी उरते.

१८८२ साली डार्विनचे निधन झाले. पुढे १९५२ साली पॅसिफिक महासागरातील एनिवेटोक बेटावर खोल छिद्रे पाडली. १२०० मीटरांहून जाड चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक निघाला!

पाणी फार तापले तर प्रवाळ पांढरे पडतात, मरतातही. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये असेच झाले. कीलिंगभोवतीचा समुद्र ऑस्ट्रेलियाने २०२२ साली सागरी उद्यान म्हणून राखीव केला.