खानावळ चालवणारा आपला कवी : चिं. त्र्यं. खानोलकर

वेंगुर्ला : मोबाईलवर जुनी भावगीतं ऐकताना गीतकार म्हणून आरती प्रभू हे नाव खूपदा दिसतं. बऱ्याच जणांना ही कुणी बाई असावी असं वाटतं. पण हे आपल्याच मुलखातले चिंतामण त्र्यंबक खानोलकर. कविता त्यांनी आरती प्रभू या नावानं लिहिली, कादंबऱ्या आणि नाटकं स्वतःच्या नावानं.

त्यांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळ बागलांची राई इथला. समुद्र, माडा-पोफळीच्या बागा, देवचाराच्या गोष्टी आणि जत्रेतला दशावतार, अशा मुलखात ते वाढले. दशावतार आपल्याला नवा नाही. आधी गणपती, सरस्वती, संकासुर, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही, नट उभ्या उभ्या संवाद रचतो. रात्री राजा झालेला माणूस सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरतो. देवपण आणि गरिबी एकाच माणसाच्या अंगावर! खानोलकरांच्या लिखाणातही हेच सापडतं. साधी, गरीब माणसं आणि त्यांच्यामागे लागलेलं काहीतरी अदृश्य.

गरिबी त्यांनी स्वतः भोगली. पोटासाठी कुडाळात खानावळ चालवली. लोकांना जेवू घालायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. १९५४ साली 'सत्यकथा' मासिकात कविता छापून आली आणि मुंबईच्या साहित्यिकांचं लक्ष गेलं. १९५९ साली 'जोगवा' हा पहिला संग्रह निघाला. त्याच सुमारास कवी मंगेश पाडगावकरांच्या मदतीनं त्यांना मुंबई आकाशवाणीत नोकरी लागली. ती फार काळ टिकली नाही, लिखाण मात्र थांबलं नाही.

माणूस मुंबईत राहिला तरी कथा कोकणातलीच राहिली. आपल्या किनाऱ्यावरच्या कोंडुऱ्याचं नाव त्यांनी कादंबरीला दिलं. साध्या माणसाला दैवी शक्ती मिळते आणि तिच्याच ओझ्याखाली त्याचा संसार मोडतो, अशी ती गोष्ट. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली तिच्यावर चित्रपट काढला, पण गोष्ट आंध्रात नेली. व्ही. शांताराम यांनी 'चानी'वर चित्रपट केला.

नाटकातही त्यांनी वेगळी वाट धरली. 'एक शून्य बाजीराव' १९६६ साली विजया मेहता यांनी रंगायनतर्फे रंगमंचावर आणलं. त्यातला विदूषकी बाजीराव लोकांना हसवतो आणि आतून मोडत जातो. जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक त्यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावानं मराठीत आणलं. एका मुलावर दोन बायकांचा हक्क, आणि न्याय खडूनं काढलेल्या वर्तुळात! जत्रेत बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट सहज कळावी. 'सामना' चित्रपटातलं खांद्यावरच्या ओझ्याचं गाणंही त्यांचंच.

२६ एप्रिल १९७६ रोजी ते गेले. वय फक्त ४६. 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९७८ साली. तो घ्यायला ते नव्हते.

आज त्यांची गाणी सगळीकडे वाजतात, पण बागलांची राई कुठं आहे हे आपल्याच पोरांना ठाऊक नसतं. गावोगावच्या वाचनालयात 'कोंडुरा'ची एक प्रत तरी ठेवायला हवी. त्रिपुरी पौर्णिमा झाली की जत्रा सुरू होतात. दशावतार बघायला जाल तेव्हा सोबतच्या पोरांना सांगा, याच मातीतून एक माणूस खानावळ चालवता चालवता एवढा मोठा झाला.