एडवर्ड कोल्स : मुक्ततेची किंमत

वाचकहो, इलिनॉय म्हटले की आपणांस अब्राहम लिंकन आठवतात. परंतु १८३० साली लिंकन त्या राज्यात राहावयास आले, त्यापूर्वीच तेथे गुलामगिरीविरुद्ध एक मोठा लढा होऊन गेला होता. त्याचे अग्रणी होते राज्याचे दुसरे गव्हर्नर, एडवर्ड कोल्स.

कोल्स यांचा जन्म १७८६ साली व्हर्जिनियातील एका सधन मळेवाल्याच्या घरी झाला. विल्यम अँड मेरी महाविद्यालयाचे प्रमुख, बिशप जेम्स मॅडिसन, मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे असे शिकवीत. मग गुलाम बाळगणे न्याय्य कसे, असे या विद्यार्थ्याने त्यांना विचारले. न्याय्य नाही हे बिशपांनी मान्य केले, पण त्यातून सुटण्याच्या अडचणी पुढे केल्या. आपणही अशी उत्तरे किती वेळा देतो! कोल्स यांना ते पटले नाही.

१८०८ साली वडील वारले आणि जमिनीबरोबर गुलामही त्यांच्या वाट्यास आले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे खाजगी सचिव झाले. १८१४ साली त्यांनी वृद्ध जेफर्सन यांना पत्र लिहून गुलाममुक्तीचे नेतृत्व करण्याची विनंती केली. जेफर्सन यांनी वयाचे कारण सांगून हे काम तरुणांवर सोपविले. कोल्स यांनी मात्र व्हर्जिनिया सोडू नये, असाही सल्ला दिला.

तो सल्ला त्यांनी मानला नाही. एप्रिल १८१९ मध्ये गुलामांना घेऊन ते ओहायो नदीतून पश्चिमेकडे निघाले. कोठे व कशासाठी, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. पिट्सबर्गच्या पुढे नावा एकत्र बांधून कोल्स यांनी सर्वांना जवळ बोलाविले आणि तुम्ही या क्षणापासून मुक्त आहात, असे सांगितले. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग कोणी हसू लागले, कोणी रडू लागले. इलिनॉयमध्ये पोहोचल्यावर त्यांनी प्रत्येक कुटुंबप्रमुखास १६० एकर जमीन दिली.

१८२२ साली ते गव्हर्नर झाले, तेही जेमतेम एकतृतीयांश मतांनी. गुलामगिरीच्या पक्षाची मते दोघांत विभागली म्हणून. राज्यात उरलेली गुलामी नष्ट करावी, असे त्यांनी पहिल्याच भाषणात सुचविले. विधिमंडळाने उलट राज्यघटना बदलून गुलामगिरीस मोकळीक देण्याचा घाट घातला आणि प्रश्न मतदारांपुढे ठेवला. दोन्ही बाजूंना बायबल हाती घेतलेले लोक होते. जॉन मेसन पेक हे बाप्तिस्त उपदेशक विरोधाच्या बाजूने उभे राहिले. कोल्स यांनी आपले चार वर्षांचे संपूर्ण वेतन या कामी दिले. ऑगस्ट १८२४ मध्ये ६,६४० विरुद्ध ४,९७२ मतांनी तो बेत फसला.

त्याच सुमारास मुक्त केलेल्यांसाठी जामीन भरला नाही म्हणून विरोधकांनी कोल्स यांच्यावर खटला भरला, आणि २,००० डॉलर दंडाचा निकाल लागला. गुलामांस मुक्त केल्याबद्दल दंड! १८२६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

पुढे १८३१ साली काँग्रेसची निवडणूक हरल्यावर ते फिलाडेल्फियास स्थायिक झाले. १८६५ साली देशभर गुलामगिरी नष्ट झाली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १८६८ साली ते वारले. परंतु त्यापूर्वी, फेब्रुवारी १८६२ मध्ये, त्यांचा मुलगा रॉबर्ट्स रोअनोक बेटावरील लढाईत पडला होता. तो व्हर्जिनियास परतून वाडवडिलांच्या मुलखात स्थायिक झाला होता, आणि गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात लढत होता.