सक्करची विहीर

पावसाळ्यात वलवणच्या ओढ्यांस येणारे तांबडे, गढूळ पाणी आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके बांधून ते गाळू लागले म्हणजे प्रथम धार भरभर उतरते. मग फडक्यावर गाळाचा थर साचतो आणि थेंब थेंब पडू लागतो. हीच अडचण एका अख्ख्या शहराची झाली, तेव्हा ती कोणी निवारली ती हकीकत आम्ही येथे देत आहो.

मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी गावचे. वडील लवकर वारले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरास बी. ए. पर्यंतचा अभ्यास केला. पुढे संस्थानच्या मदतीने ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, व १८८३ साली एंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. पुढल्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नाशिकास त्यांची नेमणूक झाली.

सिंधमधील सक्कर शहर त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. सिंधू नदी अगदी दाराशी, परंतु पाणी वाळूने व गाळाने भरलेले. आणि गाळणीचे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. १८९४ च्या सुमारास हे काम विश्वेश्वरय्यांकडे आले. त्यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर खणविली, व तिच्यापासून पात्राखाली बोगदा नेला. नदीची वाळू हीच गाळणी! तिच्यातून झिरपलेले पाणी विहिरीत उतरे, व पंपाने टेकडीवर चढविले जाई.

बोगदा कशास, असे कोणी विचारील. फ्रान्समधील दीजाँ शहरचे एंजिनिअर आंरी दार्सी यांनी वाळूतून पाणी सोडून पाहिले, व १८५६ साली त्याचा नियम प्रसिद्ध केला. गाळणीचे क्षेत्र वा पाण्याचा दाब दुप्पट केला, तर पाणीही दुप्पट उतरते. थराची जाडी दुप्पट केली, तर निम्मे. बोगद्यामुळे पाणी आत शिरण्यास पुष्कळ अधिक जागा मिळाली. साखर कारखान्यात रस गाळण्याचा हिशेबही या नियमावरच बसवितात. मात्र तेथे गाळाचा थर क्षणोक्षणी जाड होत असल्याने तो अधिक बिकट, आमच्या फडक्यासारखाच.

पुढे खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे, म्हैसूरची दिवाणगिरी, १९५५ साली भारतरत्न, ही त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. सक्करची विहीर मात्र फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. वयाची शंभरी ओलांडून १९६२ च्या एप्रिलात ते बंगळूरास निवर्तले.