धारचे कुशाभाऊ ठाकरे: आमदार घडवले, स्वतः आमदार झाले नाहीत

महाराष्ट्रात ठाकरे म्हटलं की मुंबई आठवते. मध्यप्रदेशात जुन्या माणसांपुढे हेच आडनाव घ्या, त्यांना धार आठवेल. कुशाभाऊ ठाकरे धारचे. राज्यातल्या विधानसभेच्या कितीतरी उमेदवाऱ्या त्यांनी ठरवल्या, निवडणुका लढवून घेतल्या. पण आमदारांच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव कुठेच सापडत नाही.

जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. वडील सुंदरराव डॉक्टर, आई शांताबाई. धार तेव्हा पवारांचं संस्थान होतं, देवासला तर पवारांच्याच थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. राजघराणी मराठी, त्यामुळे दरबार-कचेरीत मराठी माणसं होती; पण बाजारात आणि खेड्यात माळवी, आणि डोंगराकडे गेलं की भिली. शिक्षण धार आणि ग्वाल्हेरला झालं. १९४२ साली, विसाव्या वर्षी, कुशाभाऊ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक म्हणून घराबाहेर पडले. नीमच, रतलामचा पट्टा त्यांनी पायाखाली घातला. लग्न केलं नाही, संसार थाटला नाही.

१९४८ साली संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं. १९५१ च्या ऑक्टोबरात भारतीय जनसंघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पहिली निवडणूक आली. मध्यभारतात ९९ जागांपैकी जनसंघाला मिळाल्या फक्त ४. तेव्हा विधानसभेची अनामत २५० रुपये होती. एकूण मतांच्या एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर ती सरकारजमा. आज ही रक्कम किरकोळ वाटते, पण त्या काळच्या मास्तराला किंवा लहान दुकानदाराला ती जड होती. त्यामुळे पडण्याची खात्री असताना अर्ज भरायला माणूस तयार करणं, हेच मोठं काम होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्यप्रदेश झालं. मराठी वाचकांनी ही तारीख नीट ध्यानात घ्यावी. त्याआधीच्या मध्यप्रदेशात विदर्भ होता आणि राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर मराठी आमदारांचा गटही गेला. मागे राहिले ते इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, सागर, जबलपूरकडचे विखुरलेले मराठी लोक. त्यांच्या मतांवर जागा निघेल, असं गणित जमणं कठीण झालं. आजही धार जिल्ह्यातल्या सातपैकी पाच जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. अशा राज्यात जनसंघाचं संघटन उभं करायचं काम एका मराठी माणसाकडे आलं.

कुशाभाऊ संघटनमंत्री होते. नावात मंत्री असलं तरी ना बंगला, ना गाडी. काम एवढंच की जिल्ह्याजिल्ह्यात फिरायचं, माणसं हेरायची, त्यांच्यातली भांडणं मिटवायची आणि निवडणूक आली की योग्य माणसाला उभं करायचं. त्यासाठी ते एसटी, रेल्वे, सायकल, जे मिळेल त्याने फिरले. मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी.

आकडे बघा. १९५७ मध्ये २८८ पैकी १० जागा, १९६२ मध्ये ४१. त्या ४१ मध्ये देवास जिल्ह्यातल्या बागलीचे कैलाश जोशीही होते. हाटपिपल्याचा हा माणूस १९६२ पासून बागलीतून सलग निवडून येत राहिला आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाला. १९६७ मध्ये २९६ पैकी ७८ जागा आल्या, जनसंघ प्रमुख विरोधी पक्ष झाला. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने काँग्रेसचं सरकार पडलं आणि संविद सरकार आलं. पण वाट सरळ नव्हती. १९७२ मध्ये ७८ च्या ४८ झाल्या.

आणीबाणीत कुशाभाऊ १९ महिने तुरुंगात होते. १९७७ मध्ये जनता पक्षाने ३२० पैकी २३० जागा जिंकल्या. मग काय झालं? तीन वर्षांत तीन मुख्यमंत्री: कैलाश जोशी, वीरेंद्रकुमार सखलेचा, सुंदरलाल पटवा. तिघेही मूळ जनसंघाचे. माणसं निवडून आणता आली, खुर्ची स्थिर ठेवता आली नाही. कुशाभाऊंच्या कामाचा हिशोब मांडताना ही बाजूही लिहायलाच हवी.

स्वतः उमेदवार म्हणून ते जिंकले ते १९७९ मध्ये, तेही लोकसभेला. खंडव्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि खासदार झाले. पण त्याच ऑगस्टमध्ये लोकसभा बरखास्त झाली. दुसऱ्यांसाठी सत्तावीस वर्षं प्रचार केलेल्या माणसाच्या वाट्याला खासदारकी आली ती काही महिन्यांची.

१९८० मध्ये भाजप स्थापन झाला. विधानसभेत त्या वर्षी ६० जागा, १९८५ मध्ये ५८. मग १९९० मध्ये एकदम २२०. याला लोक लाट म्हणतात. पण लाट आली तेव्हा गावोगाव मतदार यादी घेऊन बसणारा माणूस आधीपासून तिथे होता, हे विसरून चालत नाही. १९९३ मध्ये पुन्हा ११७ वर घसरण झाली, म्हणजे संघटन असलं तरी मतदार बांधलेला नसतो, हेही दिसलं.

१९९८ ते २००० कुशाभाऊ भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. गंमत म्हणजे त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९९८ मध्येच, त्यांच्या स्वतःच्या राज्यात पक्ष हरला. डिसेंबर २००३ मध्ये मात्र २३० पैकी १७३ जागा आल्या. ८ डिसेंबरला उमा भारतींचा शपथविधी झाला आणि २८ डिसेंबरला दिल्लीत कर्करोगाने कुशाभाऊ गेले.

आज भोपाळच्या जुन्या मिंटो हॉलला त्यांचं नाव आहे. त्यांचा पक्ष पटो वा न पटो, आपल्यासारख्या राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना त्यांच्याकडून घेण्यासारखं एक आहे. त्यांनी मराठी मतांची मोट बांधली नाही, कारण ती बांधण्याइतकी मतंच नव्हती. ते माळव्याचे होऊन राहिले आणि तिथल्या लोकांत काम करत राहिले. आता निवडणूक आली की आपल्याकडे तिकिटासाठी महिनाभर आधी धावाधाव सुरू होते. मराठी समाजाला प्रतिनिधित्व नाही, ही तक्रारही तेव्हाच ऐकू येते. मधली पाच वर्षं किती जण मोहल्ल्यात फिरलेले असतात, हे ज्याने त्याने मोजून बघावं.