पंडिता रमाबाई आणि अंतःकरणाचा विसावा

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये असे पुष्कळ बंधुभगिनी आहेत की, ज्यांचा बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. ते दर रविवारी उपासनेस येतात, यथाशक्ति दान देतात, मुलांस प्रार्थना शिकवितात. तथापि रात्री अंथरुणास पाठ टेकल्यावर त्यांचे मन स्वस्थ नसते. देवाने आपली क्षमा केली आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पुनःपुन्हा टोचतो. इतकेच नव्हे, तर दुसऱ्यांस ख्रिस्ताकडे बोलाविणाऱ्या उपदेशकांपैकीही कित्येकांची आतून हीच स्थिती असते; परंतु लाजेस्तव ते कोणाजवळ बोलत नाहीत. अशा सर्वांकरिता पंडिता रमाबाईंचे चरित्र फार उपयोगाचे आहे. त्यांचे मोठे कार्य आपल्या लोकांस ठाऊक आहे. परंतु त्या कार्याच्या मुळाशी जो विसावा होता तो त्यांना केव्हा व कसा लाभला, हे थोड्यांच्याच ध्यानात असते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण असून मोठे विद्वान व निष्ठावान गृहस्थ होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे लोकमत असताही त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या शिकविली आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या कन्येस दिली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच ते घर मोडले. वेताच्या पेटीत निजवून त्यांना गड्याच्या डोक्यावरून डोंगराखाली नेण्यात आले, आणि तेव्हा जी यात्रा सुरू झाली ती कित्येक वर्षे संपली नाही. तीर्थामागून तीर्थ करावे, पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, स्नाने व उपवास करावे, दाने द्यावी, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. पाप जावे व देव प्रसन्न व्हावा म्हणून जे जे करावयास सांगितले होते ते ते त्यांनी केले.

१८७४ सालच्या सुमारास ते दुष्काळात सापडले. दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. शेवटी रानात अकरा दिवस झाडपाला व पाणी ह्यांवर काढण्याची पाळी आली. वृद्ध शास्त्रीबोवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. परंतु पुत्र श्रीनिवास ह्याने मजुरी करून सर्वांस पोसण्याचे पत्करल्यामुळे तो विचार राहिला. तरी शास्त्रीबोवा फार दिवस जगले नाहीत. त्यांच्यामागून आई गेली व वडील बहीणही गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीस हात लाविला. उंची कमी असल्यामुळे त्यांना ती खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावी लागली.

मग ही बहीणभावंडे अनवाणी व अर्धपोटी हजारो मैल चालली. उत्तरेकडे झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत दोन खड्डे करून, केवळ डोकी बाहेर ठेवून, त्यांनी अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली व रात्र काढली. ते खड्डे कबरांसारखे होते. इतके करूनही मनास शांति मिळाली नाही, आणि ज्या साधनांवर आईबापांनी सर्वस्व वेचले त्यांवरील दोघांचाही भाव हळूहळू नाहीसा झाला.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. भुकेने व्याकूळ होऊन फिरलेली मुलगी आता सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध झाली. परंतु मानमान्यता ही अंतःकरणाची भाकर नव्हे. १८८० साली श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. पुढील वर्षी मनोरमा नावाची कन्या झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या विकाराने पतीही गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ व पति ह्या सर्वांस त्या अंतरल्या होत्या. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत मिळाली होती. बीज तेथे पडले.

पुढे पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो हेतु सिद्धीस गेला नाही. परंतु देवाचा हेतु वेगळा होता. लंडनजवळ फुलहम येथे पतित स्त्रियांकरिता चालविलेला आश्रम त्यांनी पाहिला. ज्यांस जगाने टाकून दिले त्यांची कुलीन बाया प्रेमाने सेवा करितात, हे पाहून त्या चकित झाल्या. ह्याचे कारण विचारले असता त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. स्त्रीस उचलून घेणारा व पाप्यास न झिडकारणारा असा हा एकच तारणारा आहे, अशी त्यांची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, येथे कथा संपली असे पुष्कळांस वाटेल. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ती येथे संपली नव्हती. त्यांच्या बुद्धीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तो सर्वांत उत्तम धर्म आहे ह्याविषयी त्यांस संशय नव्हता. पण इंग्लंडात निरनिराळ्या मंडळ्यांची निरनिराळी मते ऐकून त्यांचे मन गोंधळले. त्रैक्य, मंडळीचा अधिकार, शास्त्राचा अर्थ इत्यादि विषयांवर आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार चालला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील पुस्तक निघाले, बोस्टन येथे त्यांस साहाय्य करण्यासाठी संस्था स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले. धर्म खरा, कार्य चांगले, कीर्ति मोठी. आणि ओझे मात्र जागच्या जागी.

असे का झाले? विहीर कोणी खणली, दोर किती हात लांब आहे, पोहरा कशाचा आहे, ही सर्व माहिती असून जो पाणीच पीत नाही त्याची तहान कशी भागेल? रमाबाई विहिरीच्या काठी आल्या होत्या. तिचे वर्णनही त्या उत्तम करू शकत होत्या. लहानपणी स्नाने व उपवास ह्यांवर भरवसा होता. आता बाप्तिस्मा, ज्ञान व परोपकार ह्यांवर तो नकळत येऊन बसला होता. साधने बदलली, परंतु आपले तारण आपण मिळवावयाचे आहे, हा आईबापांच्या यात्रेतला जुना भार त्यांनी खाली ठेविला नव्हता.

१८९१ साली विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा पाळक कित्येक वर्षे लोकांस उपदेश करीत होता, आणि १८५१ साली आपल्याच देवळात, आपल्याच व्यासपीठावर, उपदेश करीत असता त्याला स्वतःला तारणाची ओळख पटली. ते वाचून रमाबाईंचे डोळे उघडले. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो अद्याप सापडलेला नाही, हे त्यांस कळून चुकले. बाप्तिस्मा होऊन त्या समयी आठ वर्षे झाली होती! हिंदुस्थानात ज्यांचे नाव गाजत होते अशा विदुषीने हे देवापुढे कबूल केले, व पुढे आपल्या साक्षीत जगापुढेही सांगितले, ह्यातच त्यांची खरी थोरवी दिसते. आपली योग्यता, विद्या व कार्य ही सर्व बाजूस ठेवून, ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले ते माझ्याकरिता पुरेसे आहे, असा भाव त्यांनी त्याच्यावर ठेविला. दमलेल्यांस व ओझ्याखाली वाकलेल्यांस जो प्रभु बोलावितो, त्याच्याकडे त्या रिकाम्या हातांनी आल्या, आणि रानावनांत, तीर्थांत, ग्रंथांत व परदेशांत जो विसावा मिळाला नव्हता तो त्यांना मिळाला.

हा विसावा आळशाची झोप नव्हता, ह्याची परीक्षा लवकरच झाली. शारदा सदन १८९० साली पुण्यास आले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. ह्यावरून शहरात मोठे वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर इत्यादि सल्लागारांनी संबंध सोडला व पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या. बाईंनी दार लावून घेतले असते तर वाद मिटता. परंतु ज्या प्रभूने त्यांस विश्रांति दिली त्याला लपविणे त्यांस शक्य नव्हते. कोणावर बळजबरी न करिता व कोणास न भिता त्यांनी काम चालू ठेविले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे ज्यांनी रानात पाला खाऊन जाणले होते त्या घरी कशा बसतील? त्यांनी तेथे जाऊन अनाथ मुली व विधवा आणिल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले, आणि १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. एवढ्या जिवांच्या अन्नवस्त्राची काळजी त्यांनी रोज प्रार्थनेत प्रभूवर टाकिली. विश्वासाने विसावलेला मनुष्य अधिक भार वाहू शकतो, कारण तो भार तो एकटा वाहत नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते खेड्यातील अडाणी बायांस समजावे म्हणून. ते मुक्ति सदनाच्याच छापखान्यात स्त्रियांनी छापिले. नवा करार १९१३ साली निघाला. संपूर्ण शास्त्र १९२४ साली, म्हणजे त्यांच्या मरणानंतर, प्रसिद्ध झाले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या व कार्यातील उजवा हात, मनोरमाबाई, वारल्या. बाईंचे शरीर थकले होते, कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते. पण हातातील भाषांतर त्यांनी टाकिले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. केडगावचे त्यांचे कार्य आजही चालू आहे.

प्रियजनहो, बाप्तिस्मा हा प्रभूचा विधि आहे. त्याला कोणी हलके मानू नये. सेवा व अभ्यास ही तर आपली कर्तव्येच होत. परंतु ह्यांपैकी कशानेही जीव स्वस्थ झाला नसेल, तर आणखी एखादे साधन शोधण्यास धावू नका. रमाबाई शेवटी कोठे गेल्या नाहीत. त्या होत्या तेथेच थांबल्या व प्रभूच्या पायांशी बसल्या. ज्या उपदेशकाचे मन आज अस्वस्थ आहे त्याने लाज धरू नये. आठ वर्षांनंतर एक पंडिता येऊ शकली आणि व्यासपीठावरून एक पाळक येऊ शकला. मग तुम्हांस व मला कोण अडवील? आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी आपले ओझे त्याच्यापुढे उतरून ठेवू या, आणि सकाळी ते पुन्हा उचलू नये.