डॉ. रुस्तम जाल वकील

मुलांनो, रत्नागिरी जिल्ह्याच्या रानांत सर्पगंधा नावाचे छोटे झुडूप आढळते. उर्दूत त्याला असरोल म्हणतात. त्याची मुळी वैद्य आणि हकीम पूर्वीपासून औषधात वापरत. पण तिने वाढलेला रक्तदाब खरोखर उतरतो का?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांनी हे मोजून पाहिले. ५० रुग्णांना त्यांनी मुळीच्या गोळ्या दिल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. १९४९ साली हे संशोधन एका ब्रिटिश नियतकालिकात छापून आले. त्या काळी या विकारावर चांगली औषधे फारशी नव्हती. १९५७ साली त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

तुम्ही ही मुळी स्वतः खाऊन पाहू नका. तिच्यामुळे अपायही होतो. मात्र जुने ज्ञान न तपासता मानू नका आणि न तपासता टाकूही नका.