चाचणीचालक केन माइल्स

इंग्लंडमध्ये १९१८ साली जन्मलेले केन माइल्स पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्यातील नव्या गाड्या पळवून त्यांतील दोष हेरणे, हे त्यांचे काम. 'फोर्ड जीटी ४०' ही वेगवान कूपे मोटार घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६६ मध्ये त्यांनी डेटोना आणि सेब्रिंग या शर्यती जिंकल्या. ले मान्सलाही ते आघाडीवर होते. परंतु फोर्डच्या गाड्यांनी एकत्रच अंतिम रेषा ओलांडावी, असा आदेश आला आणि मागच्या स्थानावरून सुटलेले सहकारी विजेते ठरले. हा अन्यायच होता. दोनच महिन्यांनी, १७ ऑगस्टला, रिव्हरसाइड येथे नव्या 'जे-कार'च्या चाचणीत झालेल्या अपघातात माइल्स मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या मोटारीत पोलादी संरक्षक सांगाडा बसविण्यात आला. तिचीच सुधारित आवृत्ती 'मार्क ४' १९६७ मध्ये ले मान्सची विजेती ठरली.